खाडीचा चिखल, परागकण आणि शिंपले: किनाऱ्याचा जुना पाऊस वाचायला कोल्हापूर कसं उपयोगी पडेल?

सह्यपराग (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. हजारो वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर पाऊस किती पडायचा, समुद्र कुठवर होता, हे खाडीतल्या गाळावरून सांगता येतं असं वर्गात म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चिखलात पाऊस कुठं लिहिलेला असतो? त्याचं उत्तर इथं सविस्तर मांडते. त्यात आपल्या जिल्ह्याचं काम काय, तेही सांगायचं आहे.

आधी परागकण. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं. निसर्गातल्या सगळ्यात चिवट सेंद्रिय पदार्थांपैकी हा एक. तीव्र आम्लातही ते टिकतं, पण हवा आणि ओल आलटून पालटून लागली की सडतं. म्हणून जिथं ऑक्सिजन पोचत नाही अशा खाडीच्या, तळ्याच्या किंवा समुद्रतळाच्या चिखलात ते हजारो, लाखो वर्षं राहतं. कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण प्रत्येक कुळाची छिद्रं, चिरा, काटे, जाळी वेगळी. गाळात नळी ठोकून उभा स्तंभ बाहेर काढायचा, ठरावीक अंतरावर नमुने घ्यायचे, रसायनांनी माती आणि चुना काढून टाकायचा आणि प्रत्येक थरातले निदान दोन-तीनशे कण ओळखून मोजायचे. कोणत्या थरात कांदळासारखी खारफुटी जास्त, कोणत्या थरात गवत, याचा आलेख तयार होतो. असा आलेख पहिल्यांदा १९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी मांडला. आपल्याकडे लखनौची बिरबल साहनी संस्था १९४६ पासून या क्षेत्रात काम करते आहे.

आता शिंपले. तिसरी असो की कालव, ती आपलं कवच भोवतीच्या पाण्यातून बांधते. पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ दोन्ही असतात. कवचात त्यांचं प्रमाण किती पडेल हे पाण्याचं तापमान आणि पाण्याची स्वतःची घडण यांवर ठरतं. यावरून जुनं तापमान काढता येईल हा विचार हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडला. तापमान साधारण चार अंशांनी वाढलं की कवचातलं ऑक्सिजन-१८ हजारात एक भागानं घटतं. पण आपल्या खाड्यांत वेगळीच गंमत आहे. पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणजे त्यात ऑक्सिजन-१८ कमी. कोकणच्या समुद्राचं तापमान वर्षभरात फार हलत नाही, मात्र जून ते सप्टेंबर खाडीत गोड्या पाण्याचा लोंढा येतो. म्हणून खाडीतल्या शिंपल्याच्या वाढरेषांवर बारीक ड्रिलनं ओळीनं नमुने घेतले तर त्यात दर पावसाळ्याचा खड्डा दिसतो. खड्डा किती खोल, यावरून पावसाचा अंदाज येतो.

आपल्या जवळचं उदाहरण कारवारचं. तिथल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास कारातिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून हवामान कमी दमट झालं, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

माझं म्हणणं एवढंच की खाडीच्या तळातला पराग वाचायचा असेल तर आज कोणत्या पावसाच्या पट्ट्यात कोणता पराग जमिनीवर पडतो हे आधी माहीत हवं. गगनबावड्यातल्या धुवाधार पावसापासून शिरोळच्या कोरड्या रानापर्यंत इतका मोठा उतार एकाच जिल्ह्यात मिळणं दुर्मीळ आहे. हा पट्टा आपण नीट नोंदवला तर किनाऱ्याच्या अभ्यासाला पक्का आधार मिळेल. तुमचं मत सांगा.

---

देवगडचो_कोल्हापुरात

ताई, धागा वाचून बरं वाटलं. माझं मूळ घर खाडीकाठी, नोकरीमुळे राजारामपुरीत. लहानपणापासून तिवर, कांदळ आणि चिपी ही खारफुटीची झाडं बघत आलोय. म्हणून एक शंका. गाळात खारफुटीचा पराग कमी झाला म्हणजे पाऊस कमी झाला, हे कशावरून? आमच्याकडे लोकांनी खाजण जमीन करायला बांध घातले, जळणाला तिवर तोडले. शिवाय भरती-ओहोटीची रेषा सरकली की खारफुटी आपोआप सरकते. तीन कारणं, परिणाम एकच. चिखल यातलं नेमकं कारण कसं सांगणार?

आणि हजारो वर्षांपूर्वी समुद्र मागे असेल तर आमच्या विजयदुर्गासमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, जवळपास शंभर किलोमीटरवर. तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. ती तेव्हा बेट असणार ना?

---

सह्यपराग

दादा, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. या विषयातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बेटाचं. हो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या ऐन भरात जगभरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आंग्रिया बँकेचा माथा तेव्हा नक्कीच उघडा असणार. कोकणचा किनाराही बराच पश्चिमेला होता. त्यानंतर समुद्र चढत गेला आणि साधारण ७००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आला.

आता खारफुटी. ती भरतीच्या पट्ट्यातच वाढते, म्हणून तिचा पराग समुद्रपातळी सांगतो. तिला गोड्या पाण्याचा पुरवठा आवडतो, म्हणून तो पाऊसही सांगतो. आणि तिला माणूस तोडतो. एकट्या परागानं या तीन गोष्टी सुटत नाहीत. शिंपल्याची गरज इथंच पडते. समजा एका थरात कांदळाचा पराग घटला. त्याच थरातल्या शिंपल्यात पावसाळ्याचा खड्डा उथळ झाला असेल तर पावसाकडे बोट जातं. खड्डा तितकाच खोल असेल आणि भोवतीचे जीव खोल पाण्यातले किंवा उघड्या किनाऱ्यावरचे असतील तर समुद्र हलला. दोन्ही जागच्या जागी असून गाळात कोळशाचे बारीक कण आणि शेतीतलं तण वाढलं असेल तर माणूस.

यात आणखी एक खाच आहे. कांदळ भरपूर पराग तयार करतं आणि तो वाऱ्यावर दूर जातो. तिवराची फुलं मधमाश्यांवर अवलंबून, पराग थोडा, झाडाजवळच पडतो. म्हणजे गाळात कांदळ दहापट दिसलं तर किनाऱ्यावर ते दहापट होतं असं मुळीच नाही. उलट तिवराचे थोडे कणही 'झाड इथंच होतं' असं ठामपणे सांगतात.

भारताच्या नैऋत्य किनाऱ्यासमोरच्या गाळात एलिझ व्हान कांपो यांनी १९८६ साली पराग आणि फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचातला ऑक्सिजन, दोन्ही एकाच स्तंभातून वाचले. हिमयुगाच्या भरात मोसमी पाऊस दुबळा होता आणि सुमारे ११,००० वर्षांपूर्वी खारफुटीचा पराग सर्वाधिक होता, असं त्यातून दिसलं. मला ही पद्धत फार पटते. एकाच चिखलातले दोन साक्षीदार असल्यामुळे हा थर त्या थराच्या आधीचा की नंतरचा, हा वादच उरत नाही.

एक जोड मात्र लावावी लागते. हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकल्यानं सगळ्या समुद्राचंच पाणी हजारात साधारण एक भागानं जड झालं होतं. ते वजा केल्याशिवाय त्या काळच्या शिंपल्यावरून पाऊस किंवा तापमान काढलं तर ते चुकणार.

---

ब्रह्मपुरीची_टेकडी

इतिहासाच्या बाजूनं थोडं. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं, ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी, तिथं उत्खनन केलं. रोमन वस्तू बंदरांतून घाट चढून पंचगंगेकाठी येत होत्या, इतकं यातून नक्की कळतं. ती बंदरं ज्या खाड्यांवर होती त्या खाड्यांचा गाळ वाचला तर त्या काळी पाणी किती खोल होतं, जहाज कुठवर आत येत असेल, हे कळेल का? आणि शिंपल्याचं वय कसं काढतात? कारण आमच्या विषयात शे-दोनशे वर्षांनी सगळं चित्र बदलतं.

---

सह्यपराग

वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५७३० वर्षं, आणि साधारण ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. शिंपल्यात मोठी मेख आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा जुना असतो, कारण खोल पाणी शतकानुशतकं हवेपासून दूर राहून वर येतं. त्यामुळे शिंपला खऱ्या वयापेक्षा सरासरी चारशे वर्षं जुना भासतो. अरबी समुद्रात खालचं पाणी वर येण्याचं प्रमाण जागोजागी वेगळं, म्हणून स्थानिक दुरुस्तीही करावी लागते.

तुमच्या काळाला लावून बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, रोमन व्यापार भरात असतानाचा शिंपला दुरुस्ती न करता मोजला तर तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकातला वाटेल. सातवाहनांचा शिंपला थेट मौर्यांकडे जाईल! म्हणून शक्य तिथं त्याच थरातला लाकडी कोळसा किंवा झाडाचं पान घेऊन दोन्ही तारखा ताडून बघतात. शिवाय कवच मूळचं आहे का, हेही तपासावं लागतं. अनेक शिंपले अ‍ॅरागोनाइट या रूपात चुना बांधतात. पुढे पाणी मुरून त्याचं कॅल्साइट हे दुसरं रूप झालं असेल तर आतला ऑक्सिजन आणि कार्बन दोन्ही बदललेले असू शकतात. क्ष-किरणांनी ते कळतं.

बंदरांच्या खोलीचं म्हणाल तर गाळात कोणते जीव आहेत यावरून पाणी खारं होतं की निमखारं, खोल की उथळ, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

---

बोअरवाला_रत्नागिरी_लाईन

मी विहिरी आणि बोअरचं काम करतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभा फोडून खाली गेलं की काळी, कोळशासारखी माती लागते, त्यात लाकडाचे तुकडेसुद्धा असतात. हा पण जुन्या खाडीचाच चिखल समजायचा का?

---

सह्यपराग

जुना आहे, पण फारच जुना. ते थर मायोसीन काळातले मानले जातात, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. परागकण त्यांतही सापडतात. कार्बनची तारीख मात्र तिथं चालणार नाही. पुढच्या वेळी असा थर लागला तर किती फुटांवर लागला, वर काय, खाली काय, हे वहीत लिहून एक ढेकूळ ओलं असतानाच पिशवीत बांधून ठेवा. अशी नोंद अभ्यासकांच्या फार कामाची असते.

---

शिरोळचं_रान

ताई, राम राम. आमचं रान काळंभोर, कृष्णेकाठचं, ऊस आणि थोडा हरभरा. हितल्या मातीत घावंल का जुना पराग? उसाला तुरा येतो तवा पांढरी भुकटी उडती ती आम्ही दरसाल बघतो. ती मातीत जात असंलच की.

---

सह्यपराग

दादा, जात असते, पण टिकत नाही. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, भेगांत वरची माती खाली पडते, पावसाळ्यात फुगतं. सगळे थर मिसळतात आणि हवा आत शिरून पराग सडतो. शिवाय ऊस, ज्वारी, भात, रानगवत सगळ्यांचा पराग जवळपास सारखाच दिसतो: गोल, एकच छिद्र. फार तर मोठ्या कणावरून पिकाचा संशय घेता येतो.

पण तुमच्या रानात दुसरी गोष्ट नक्की सापडेल. गवताच्या पानात पेशी वाळू साठवतात, त्याचे सूक्ष्म खडे बनतात. फायटोलिथ म्हणतात त्यांना. ते सडत नाहीत, आणि त्यांचे आकार वेगवेगळे. ऊस-ज्वारीच्या गटात डंबेलसारखे, भाताच्या तुसात दोन शिखरांचे. जिथं पराग हरतो तिथं हे कामी येतात. आणि तुमच्या गावात बारमाही पाणी असलेलं जुनं तळं असेल तर तळाचा गाळ मात्र परागासाठी उत्तम.

---

निवृत्त_केमिस्ट

धाग्यातल्या उत्साही विद्यार्थ्यांसाठी कळकळीची सूचना. माती विरघळवायला जे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात ते काचही खातं आणि कातडीतून हाडापर्यंत जातं. सुरुवातीला दुखतही नाही. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत ते आणूच नका. जड द्रावणात माती खाली बसवून पराग वर तरंगवण्याची पद्धत आहे, झिंक क्लोराइडचं द्रावण त्यासाठी चालतं. चुना घालवायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, कुजलेला सेंद्रिय भाग घालवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तेवढ्यावर शिकण्यापुरत्या स्लाइड चांगल्या होतात.

---

सह्यपराग

काकांशी पूर्ण सहमत. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

---

गगनबावडा_धुकं

मुद्दा आवडला, पण एक आक्षेप आहे. पंचगंगा पूर्वेला कृष्णेला जाते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कोकणच्या खाड्यांत आपल्या जिल्ह्यातला पराग जाणार कसा? आमच्याकडून वैभववाडीकडे उतरणारं पाणी वाघोटणमार्गे विजयदुर्गच्या खाडीत जातं, ते ठीक. पण राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी? तिथलं पाणी बहुतेक पूर्वेलाच. वारा म्हणावा तर पावसाळ्यात समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. मग किनाऱ्याचा गाळ वाचायला शिरोळचा नमुना कशाला?

---

सह्यपराग

आक्षेप योग्य आहे आणि तो मांडल्याबद्दल आभार. कोल्हापूरचा पराग कोकणच्या खाडीत जातो असं माझं म्हणणं नाही. खाडीत पराग पोचतो तो मुख्यतः नद्यांनी. घाटातली बरीच झाडं फेब्रुवारी ते मे फुलतात, पराग पानांवर, जमिनीवर पडतो आणि जूनचा पहिला पाऊस तो धुऊन खाली नेतो. म्हणून कोकणच्या खाडीला कोकणच्या नद्यांचंच खोरं बघायचं, हे बरोबर.

पण मला खाडीतल्या थराला विचारायचंय: तुझ्यात जो पराग आहे तो किती पावसाच्या रानातला? त्यासाठी आज किती पावसात कोणता पराग पडतो याचा तक्ता लागतो. कोकणात सगळीकडेच पाऊस दणदणीत, त्यामुळे 'कमी दमट' रान कसं दिसतं याचा नमुना तिथं मिळतच नाही. तो घाट ओलांडून पूर्वेला मिळतो. गगनबावडा, कळे, कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ असं सरळ पूर्वेला जात राहा, पाऊस पायरीपायरीनं उतरतो. ३५०० वर्षांपूर्वी किनाऱ्यामागचं रान या उताराच्या कोणत्या पायरीवर आलं होतं, हे शोधायचं आहे.

आणि हे काम दिसतं तेवढं सरळ नाही, म्हणूनच स्थानिक माणसं हवीत. दोन अडचणी सांगते. सदाहरित जंगलाची ओळख म्हणजे पिशा, दालचिनी यांचं कुळ. पण या कुळाच्या परागाचं कवच इतकं पातळ की गाळात ते जवळजवळ टिकतच नाही. म्हणजे जंगल दाट उभं होतं आणि गाळात त्याचं नावच नाही, असं होऊ शकतं. दुसरी अडचण अंजनीची. अंजनी सदाहरित रानातली, ऐन आणि किंजळ पानगळीच्या रानातले. नेमका या दोन गटांचा पराग सूक्ष्मदर्शकाखाली इतका सारखा, तीन खऱ्या चिरा आणि मध्ये तीन खोट्या, की बरेच अभ्यासक दोन्ही कुळं एकाच नावाखाली मोजतात. पाऊस जास्त की कमी हा प्रश्न ज्या झाडांवर ठरायचा तीच एका रकान्यात जातात! दाजीपूरच्या अंजनीच्या आणि पायथ्याच्या किंजळाच्या ताज्या फुलांपासून चांगल्या संदर्भ स्लाइड केल्या, मोजमापं घेतली, तर हा रकाना थोडा तरी फोडता येईल. ते काम कोल्हापुरात बसून होण्यासारखं आहे.

---

गगनबावडा_धुकं

पटलं. अंजनीचं माहीत नव्हतं. आमच्या भागात अंजनी निळी फुलते तेव्हा फुलं मी गोळा करून देईन.

---

अ‍ॅलर्जी_ओपीडी

दम्याच्या रुग्णांमुळे माझा संबंध आजच्या परागाशी. गाजरगवताची नोंद भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि मग ते सगळीकडे पसरलं. रंकाळ्याच्या तळात ज्या थरापासून त्याचा पराग दिसू लागतो तो थर त्यानंतरचा, असं धरता येईल ना?

---

सह्यपराग

हो डॉक्टर, आणि वरच्या थरांसाठी हा फार भरवशाचा खुणेचा दगड आहे, कारण इतक्या अलीकडच्या काळाला कार्बनची तारीख नीट लागत नाही. किनाऱ्यावर तेच काम सुरूच्या झाडाचा पराग करतो. सुरू आपल्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात लावला गेला आणि त्याचा पराग वाऱ्यावर भरपूर उडतो. ज्या थरात सुरू आहे तो थर त्या लागवडीच्या आधीचा नाही.

---

देवगडचो_कोल्हापुरात

ताई, माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. अजून एक विचारतो. शिंपल्यातून दर पावसाळा दिसतो म्हणता, मग परागाचा एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे जुन्या शिंपल्यांचे ढीग होते, बरेचसे चुन्याच्या भट्टीत गेले, पण अजूनही खाडीकाठी खणलं की निघतात.

---

सह्यपराग

कारण एक शिंपला फक्त त्याच्या आयुष्यापुरतं सांगतो, दोन-चार-दहा पावसाळे. ते साल नेमकं दुष्काळाचं होतं का महापुराचं, तुम्हाला काय माहीत? २०१९ साली वाढलेला शिंपला घेऊन कोणी म्हणालं की एकविसाव्या शतकात दरवर्षी असाच पाऊस पडत होता, तर कसं चालेल? पराग उलटा. गाळाच्या एका सेंटिमीटरात अनेकदा कित्येक वर्षांची, कधी दशकांची सरासरी असते, एखादा पूर किंवा दुष्काळ त्यात विरून जातो. झाडोरा बदलायलाही वेळ लागतो. म्हणून शिंपला ऋतू दाखवतो, पराग काळाचा कल दाखवतो. शिंपले जितके जास्त आणि जितक्या वेगवेगळ्या थरांतले, तितकं बरं.

खाडीकाठी शिंपले निघाले तर कृपया धुऊन, घासून ठेवू नका. जोडीतले दोन्ही भाग मिटलेले असतील तर फारच मोलाचे. तो जीव तिथंच जगला-मेला, वाहून आला नाही, असं त्यावरून म्हणता येतं.

---

भुदरगड_पायवाट

वाचनमात्र होतो, आता लिहितोय. आमचा चार मित्रांचा गट दर रविवारी रानात असतो. नमुने गोळा करायचे तर नेमकं काय आणायचं?

---

सह्यपराग

वा, फार आनंद झाला. दगडावरचं किंवा बुंध्यावरचं शेवाळ आणा. त्यात गेल्या काही वर्षांचा पराग साठलेला असतो. एकाच गादीतून न घेता पन्नासेक पावलांच्या परिघातून चिमूट चिमूट घेऊन एकाच कागदी पाकिटात घाला. प्लास्टिक नको, बुरशी धरते. पाकिटावर तारीख, गावाचं नाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि भोवती कोणती झाडं आहेत ते स्थानिक नावानं लिहा. शेवाळाच्या थेट वर फुललेलं झाड असेल तर ती जागा सोडा, एकाच झाडाचा पराग सगळं झाकून टाकतो. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, हे ठाम. रस्त्याकडेच्या आणि मालकी रानांतल्या जागा भरपूर आहेत, त्याही मालकाला विचारून.

शिरोळच्या दादांनी तळ्याचा गाळ काढला तर तो ओलाच, बाटलीत काठोकाठ भरून, फ्रिजमध्ये ठेवा.

---

शिरोळचं_रान

गावात जुनं तळं हाय, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. सरपंचास्नी इचारून ठेवतो. बाटली किती मोठी लागंल?

---

सह्यपराग

पाव लिटरची पुरे, रुंद तोंडाची. गाळ काठावरचा नको, मधला घ्या, आणि एकट्यानं पाण्यात उतरू नका.